करडी ओळ

मिक्सर, मोबाईल, गादी, प्रवासाची बॅग, कशाचंही परीक्षण वाचायला बसा, ती तिथे असते. अंगाने बारीक, रंगाने करडी, बोलणं मोजकं. 'या लेखातल्या लिंकवरून तुम्ही काही विकत घेतलंत तर आम्हाला कमिशन मिळू शकतं', एवढं सांगते आणि बाजूला होते. 'मिळू शकतं' हे तिचं लाडकं क्रियापद. मिळतं, हे तिलाही ठाऊक असतं, पण ठासून बोलायची तिच्या घराण्यात रीत नाही.

तिची थोरली बहीण लिंक. हिचा रुबाब काही औरच. नारिंगी बटणाचा पोशाख करून ती 'आजची किंमत पाहा' असं पुकारत उभी असते. तिच्या पत्त्याला मागे एक लांबलचक शेपूट असतं. त्या शेपटात गिऱ्हाईक धाडणाऱ्याची खूण लपलेली असते, आणि ॲमेझॉनच्या भारतातल्या दुकानाची लिंक असेल तर त्या खुणेच्या शेवटी २१ हा आकडा. आपण बोट लावलं की दुकानाच्या वहीत नोंद पडते, अमुक माणूस अमक्याच्या दारातून आला. ॲमेझॉनकडे ही नोंद साधारण २४ तास जिवंत राहते. तेवढ्यात मिक्सर बघायला गेलेला माणूस मिक्सर राहू देऊन पावसाळी चपला घेऊन आला, तरी त्या चपलांवरचं कमिशन बहुधा मिक्सरवर लिहिणाऱ्याच्याच खात्यात पडतं. गिऱ्हाइकाला मात्र या व्यवहारात पैसाही जास्त पडत नाही, हे कमिशन दुकान आपल्या पदरचं देतं. लेखकाने आपल्याच लिंकवरून स्वतःसाठी खरेदी केली, तर ती धरत नाहीत. एवढी सगळी भानगड करडीला एका वाक्यात सांगायची असते, त्यामुळे ती बरंच काही गाळते.

दोघींच्या वयात अंतर पुष्कळ. संगीताच्या सीडी विकणाऱ्या सीडीनाऊने १९९४ साली अशी सोय काढली आणि जुलै १९९६ मध्ये ॲमेझॉनने आपला असोसिएट्स कार्यक्रम सुरू केला. ॲमेझॉन तेव्हा निव्वळ पुस्तकांचं दुकान होतं. हौसेने पुस्तकांवर लिहिणारे लोक पुस्तकाच्या नावाला लिंक जोडत आणि चार पैसे मिळवत. धाकटीला सरकारी बोलावणं यायला २००९ उजाडलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आपल्या जुन्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या आणि पैसे किंवा वस्तू घेऊन लिहिणाऱ्याने ते वाचकाला सांगितलंच पाहिजे, असं स्पष्ट केलं. नुसतं 'अफिलिएट लिंक' लिहून भागेल का, या प्रश्नावरही त्यांचं म्हणणं सरळ आहे: साध्या माणसाला त्यातून पैशाचा संबंध कळेलच असं नाही, तेव्हा कमिशन मिळतं असं उघड लिहा. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेची नियमावली २०२१ मध्ये आली आणि ग्राहक व्यवहार विभागाच्या सूचना जानेवारी २०२३ मध्ये.

तरीही तिच्या वाट्याला येते ती अडगळच. कुठे पानाच्या तळाशी, कुठे 'आमच्याविषयी'च्या मागच्या खोलीत, कुठे 'अधिक वाचा'च्या पडद्याआड. मराठी व्हिडिओंत तर गंमतच असते. 'लिंक डिस्क्रिप्शनमध्ये दिली आहे' हे वाक्य ताई किंवा दादा मोठ्या उत्साहाने दोनदा म्हणतात. थोरलीचं नाव असं गाजत असताना धाकटी खाली दहा हॅशटॅगच्या गर्दीत, इंग्रजीत, अंग चोरून उभी. २०२३ च्या सूचना नेमकं हेच करू नका म्हणतात. हॅशटॅगच्या आणि लिंकांच्या गर्दीत तिला ढकलू नका, आणि व्हिडिओ असेल तर ती दिसली पाहिजे आणि ऐकूही आली पाहिजे. फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तीच चूक केली तर ५० लाखांपर्यंत. पण माझ्या मते दंडापेक्षा तिची जागा महत्त्वाची. एसटी स्टँडवरून लॉजवर नेणाऱ्या रिक्षावाल्याने 'साहेब, तिथे माझं कमिशन आहे, पण खोल्या स्वच्छ आहेत' असं रिक्षात बसण्याआधी सांगितलं तर आपण हसून बसतो. सामान खोलीत लावून झाल्यावर सांगितलं तर? करडी लिंकच्या आधी हवी, एवढंच.

तिला मानाने वागवणारेही आहेत. ब्रायन लॅम यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या वायरकटर या परीक्षणांच्या संकेतस्थळाचा सगळा संसार कमिशनवर उभा राहिला. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे ३ कोटी डॉलरना विकत घेतलं. तिथे ती लेखाच्या माथ्यावर असते. कोणत्या कंपनीकडून कमिशन येतं याची माहिती परीक्षण करणाऱ्यांना दिली जात नाही, असं ते सांगतात. उलट ईबेच्या कार्यक्रमातल्या दोन बड्या भागीदारांनी वाचकाने लिंकला बोटही न लावता त्याच्या ब्राउझरमध्ये गुपचूप खूण पेरली. पुढे तो कोणाच्याही सांगण्यावाचून ईबेवर खरेदीला गेला, तरी कमिशन यांचं. दोघांवर अमेरिकेत खटला भरला गेला आणि २०१४ मध्ये दोघांनाही कैदेची शिक्षा झाली. तिथे करडी असती तरी ती कुणाला काय सांगणार होती!

तिच्याविषयी माझी तक्रार वेगळीच आहे. पैसा कुठून येतो हे ती सांगते, पण कुठून येत नाही याबद्दल तोंडातून चकार शब्द काढत नाही. 'दहा सर्वोत्तम मिक्सर'च्या यादीत अकरावा उपाय कधी नसतो: जुन्याचं कपलर आणि कार्बन ब्रश बदला, अजून काही वर्षं चालेल. दुरुस्तीवाल्याला कुठलं आलंय शेपूट! कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानालाही नाही. शिवाय प्रत्येक मालावर कमिशनचा दर वेगळा, त्यामुळे लेखणी कोणत्या बाजूला कलली हे करडीवरून कळायचं नाही. ती खोटं बोलत नाही. तिला तेवढंच पढवलेलं असतं.

म्हणून मी आता परीक्षण वाचताना आधी बिनकमिशनचे परिच्छेद शोधतो. क्वचित एखादा लिहितो, 'ही किसणी मागवू नका, तुळशीबागेत याहून बरी मिळेल, घासाघीस करा.' किंवा लिंक द्यायची सोय असूनही, 'हा मिक्सर घेऊ नका.' अशा परिच्छेदात करडीला काही काम नसतं. पण त्याच लेखाच्या माथ्यावर तिने जे सांगितलेलं असतं, त्याच्याखालच्या शिफारशी मग मी जरा जास्त विश्वासाने वाचतो, आणि घ्यायचंच असेल तर त्याच लिंकवरून घेतो.