एरंडेल पिणारी गाडी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. अमरावतीचा मे महिना म्हणजे दुपारभर कूलरसमोर पडून राहायचं आणि संध्याकाळी अंगणात पाणी मारायचं, एवढाच आमचा उद्योग. यंदा मात्र हातभर लांबीच्या एका गाडीनं या म्हाताऱ्याला भर उन्हात अकोल्याला नेलं. त्याचीच ही हकिकत.

नातू दहावीची परीक्षा देऊन पुण्याहून आला. बॅगेत कपडे कमी आणि ती गाडी, हत्यारं, बाटल्याच जास्त. त्याच्या मागोमाग चिरंजीवांचा फोन. "बाबा, अकरावी सायन्सला घालायचंय, क्लासचे पैसे भरलेत. आणि हा म्हणतो तंत्रनिकेतनला जाईन. त्या गाडीचं वेड जरा काढा डोक्यातून. तुमचं ऐकेल तो." चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हे काम सांगावंही लागत नाही. मी म्हटलं, बघतो.

मी समजत होतो की सेलवर चालणारं खेळणं असेल. पण हिला खरंखुरं इंजिन! साधारण तीन सीसीचं, सुपारीएवढा दट्ट्या. पेट्रोल नाही, तर मेथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. नातवानं बाटली उघडली आणि वास आला तो थेट लहानपणाचा. एरंडेल! आमची आई दर रविवारी नाक दाबून पाजायची तेच. म्हटलं, अरे, ही गाडी पोट साफ करून पळते की काय? एरंडेल अतिशय तापूनही वंगणाचं काम सोडत नाही, म्हणून या तेलात ते मिसळतात, असं त्यानंच मला समजावलं.

तर या गाडीचा सायलेन्सर रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटून चेपला. नवा मागवायचा तर महिना जाणार. पोरगं हिरमुसलं. मग इथल्याच एकाकडून लोखंडी नळीचा तुकडा वाकवून बसवून आणला. आवाज म्हणाल तर काय विचारता! गल्लीतली कुत्री पळाली आणि समोरचे काका बनियनवरच बाहेर आले. बुलेटला फटफट्या सायलेन्सर लावणाऱ्यांचे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. मला वाटलं, आता आपल्या घरासमोर रोलर येतो. एवढा आवाज करूनही गाडीत दम नव्हता. दोन मिनिटं पळायची, तापायची आणि बंद पडायची.

तेव्हा मला अकोल्याचा एक विद्यार्थी आठवला. माझी नोकरी अकोल्यात झाली. हा नववीतून शाळा सोडून गेला आणि पुढे दोन स्ट्रोक गाड्यांचा कारागीर म्हणून नावारूपाला आला. माझी लुनासुद्धा शेवटपर्यंत त्यानंच जगवली.

इंधनाचा डबा रेल्वेत चालत नाही, म्हणून पुतण्याच्या मोटारीनं निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. याच रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली, हे मी नातवाला सांगितलं. तो गाडी मांडीवर घेऊन बसला होता. "हो आबा," म्हणाला, एवढंच.

गॅरेजमध्ये शिरताच विद्यार्थ्यानं हात पुसून वाकून नमस्कार केला. गाडी उलटीपालटी करून पाहिली आणि हसला. "सर, हा सायलेन्सर नाई, हे तं पुंगी झाली. याच्यातून धूर जाते, पन त्याच्यासंगं कच्चा मालबी चालला जाते. त्याले परत ढकलाले कोनी पाह्यजे न."

मंडळी, मी मराठी-इतिहासाचा मास्तर. पण त्यानं जे समजावलं ते मलाही कळलं. दोन स्ट्रोक इंजिनात जळलेला वायू बाहेर जाणं आणि ताजं मिश्रण आत येणं जवळजवळ एकाच वेळी चालतं. त्यामुळे थोडं ताजं मिश्रणही बाहेर निसटतं. म्हणून सायलेन्सरला पोट देतात. आधी रुंद होत जाणारा शंकू, मग पोट, मग निमुळता शंकू आणि शेवटी बारीक शेपूट. स्फोटाचा धक्का लाटेसारखा नळीतून जातो. रुंद होत जाणाऱ्या शंकूतून उलटी फिरणारी लाट जळका वायू ओढून घेते, आणि निमुळत्या शंकूवर आपटून परतणारी लाट निसटलेलं मिश्रण पुन्हा इंजिनात लोटते, दार बंद व्हायच्या आत. हे इंजिन मिनिटाला तीस हजार फेरे घेतं असं धरलं, तर सेकंदाला पाचशे वेळा हे सगळं घडतं! नळी फार लांब असेल तर वेगात गेलेल्या इंजिनाला लाट उशिरा येऊन पोचते. फार आखूड असेल तर दम फक्त अगदी वरच्या वेगाला लागतो. सगळा खेळ लांबीचा.

शिवाय या गाडीत इंधनाला पंप नसतो. सायलेन्सरवरच्या बारीक तोटीतून थोडा दाब रबरी नळीनं टाकीत जातो आणि तो इंधन पुढे सारतो. आमच्या पुंगीला ती तोटीच नव्हती. इंजिन बिचारं उपाशी पोटी तापत होतं.

त्यानं आधी टाकी रिकामी करून गाडी लांब ठेवायला लावली. मेथेनॉलची ज्योत उन्हात दिसतसुद्धा नाही, म्हणाला. मग जुना सायलेन्सर मापून खर्ड्यावर कर्कटकानं दोन चाप काढले, तुकडा कापला, गुंडाळला, आणि शंकू तयार! त्याच मापानं पातळ पत्रा कापला आणि गॅसवर पितळ वितळवून सांधे भरले. हे कुठे शिकलास, असं विचारलं तर म्हणाला, "राजदूत साडेतीनशे आन आरएक्स हंड्रेडचे सायलेन्सर कापू कापू पाह्यले सर. त्याईच्या पोटात हेच असते."

नळी त्यानं मुद्दाम लांब ठेवली. "आंधी लांबच ठेवाची. कापता येते, जोडता येत नाई." ती थोडी थोडी कापत, दर वेळी गाडी पळवून पाहत होते दोघं. नातू तर त्याचा शिष्यच झाला होता. इंजिन किती तापलं ते पाहायला त्यानं त्याच्या डोक्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब लगेच उडाला तर फार गरम, नुसता बसून राहिला तर थंड. तीन-चार सेकंदांत चरचरत गेला तर ठीक. आमची ही तव्यावर भाकरीआधी हेच करते!

चौथ्या खेपेला गाडी सुटली. आवाज पहिल्यापेक्षा कमी, पण असा चढत गेला की माझ्या कमी ऐकू येणाऱ्या कानालाही फरक कळला.

चहा घेताना तो सहज बोलला, "सर, माह्या प्रगतिपुस्तकावर तुमी काय लिवलं होतं, याद हाय का?"

मला याद होतं. 'अभ्यासात लक्ष नाही. शाळेत वेळ घालवण्यापेक्षा काही काम शिकवावे.'

"बाबानं वाचलं आन दुसऱ्याच दिवशी गॅरेजात नेऊन बसवलं." मी गप्प. तोच पुढे म्हणाला, "नाई सर, धंदा चांगला चालला. पन दहावी झालो असतो तं आयटीआयले मोटार मेकॅनिकले नंबर लागला असता. एसटीच्या वर्कशॉपात अर्ज तं करता आला असता." तक्रार म्हणून नाही, हिशेब सांगावा तसं. पैसे मात्र काही केल्या घेतले नाहीत.

इतकी वर्षं मी तो माझा विद्यार्थी म्हणून मिरवत होतो. 'हुशारी पुस्तकात नसते' वगैरे भाषणांत त्याचा दाखलाही दिला. माझ्या एका ओळीनं त्याची दहावी गेली, हे मात्र कधी मनात आलं नाही. त्याच्या हातांत हुनर होतं म्हणून तो तरला. त्यात माझं श्रेय काही नाही.

घरी आल्यावर नातवानं शोधून दाखवलं. हे पोटवाले सायलेन्सर पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात सिद्धीला नेले. १९६१ मध्ये त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर पळून जपानच्या सुझुकीकडे गेला आणि ही विद्या सोबत घेऊन गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीच्या गाडीवर तो ५० सीसीचा जगज्जेता झाला. बर्लिनची भिंतही १९६१ चीच. ती मी वर्षानुवर्षं शिकवली, पण तिच्या आडून एक सायलेन्सर निसटला हे मला माझ्या नातवानं शिकवलं.

रात्री चिरंजीवांचा फोन आला. "बोललात का त्याच्याशी?" मी म्हटलं, गाडी दुरुस्त झाली. पलीकडे बराच वेळ शांतता.

चिरंजीव, तू हे वाचशीलच. त्याला काय करायचं ते तुम्ही बापलेक बसून ठरवा. सायन्स घेतलं तरी चांगलं, तंत्रनिकेतन घेतलं तरी चांगलं. तिथून पुढे इंजिनिअरिंगलाही जाता येतं. पण त्याच्या मनातून काही काढून टाकायचं काम मला सांगू नकोस. तसा एक शेरा मी लिहून चुकलोय. कापलेली नळी पुन्हा जोडता येत नाही, हे मी यंदा अकोल्यात शिकून आलो.

असो. निकाल लागला की कळवीनच.