दंडाची पावती

माझ्या संग्रहीं एक पावती आहे. ती कागदाची नाहीं. भ्रमणध्वनीच्या लहानशा पडद्यावर आलेला तो चार ओळींचा निरोप आहे. मोटारीचा क्रमांक, तारीख, कायद्याचें कलम आणि दंडाची रक्कम, एवढाच त्यांतला मजकूर. शाळेंत मिळालेलीं प्रशस्तिपत्रें मीं कोठें ठेविलीं तें आज मला सांगतां येणार नाहीं. ही पावती मात्र मीं जपून ठेविली आहे. तिचें कारण वाचकांस सांगावें, म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या आश्विनांतील गोष्ट. जामसर येथें राहणाऱ्या एका वयोवृद्ध गुरुजींच्या भेटीस मी जव्हारहून मोटारीनें निघालों होतों. सोबत इयत्ता सहावींत शिकणारा माझा भाचा होता. पावसाळा नुकताच सरला होता. डोंगरउतारांवर नागली आणि वरई पिकूं लागली होती. हा मुलूख १९४८ पर्यंत मुकणे राजघराण्याच्या संस्थानांत होता, पुढें ठाणें जिल्ह्यांत आला आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे, असा इतिहास मी भाच्यास मोठ्या ऐटीनें सांगत होतों. राज्यें बदललीं, जिल्हे बदलले; रस्त्याचीं वळणें मात्र डोंगराच्या मर्जीनेंच वळतात, ही एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि तीच त्या दिवशीं मला शिकावयाची होती.

पुढें एक भाड्याची जीप रेंगाळत चालली होती. गुरुजींना दिलेली वेळ टळूं लागली होती. वळणावर पुढील वाहनास ओलांडूं नये, हें वाहन चालविणाऱ्या प्रत्येकास पहिल्या दिवशींच शिकवितात. मलाही तें ठाऊक होतें. तरी मीं मोटार उजवीकडे घेतली. त्याच क्षणीं समोरून एक दुचाकी आली. त्या गृहस्थांनीं आपली गाडी एकदम कडेला घातली म्हणून मोठा अनर्थ टळला. परंतु माझ्या मोटारीचा आरसा त्यांच्या मुठीस लागला आणि ते गवतांत पडले. मागें बांधलेली टोपली सुटून बाजारास नेलेल्या काकड्या रस्ताभर पसरल्या. जीप थांबली नाहीं.

मीं धांवत जाऊन त्यांस उठविलें. कोपर आणि गुडघा सोलला होता. सुदैवानें हाड शाबूत होतें. वय पन्नाशीचें असावें. डोक्यास हेल्मेट नव्हतें. माझा हात खिशाकडे गेला. पांचशेंची नोट पुढें करावी आणि मार्गस्थ व्हावें, हा विचार मनांत आला, हें मी लपवीत नाहीं. इतक्यांत त्याच रस्त्यानें येणारे एक पोलीस शिपाई थांबले. त्यांनीं माझ्या मोटारीकडे पाहिलें, माझ्या कपड्यांकडे पाहिलें, मग त्या गृहस्थांच्या उघड्या डोक्याकडे पाहिलें आणि हातांतलें यंत्र काढून त्यांचाच गाडीक्रमांक टिपण्यास आरंभ केला.

ते गृहस्थ खालीं मान घालून म्हणाले, “साहेब, माझीच चूक झाली असेल. मीं आणखी कडेला व्हायला हवें होतें.”

वाचकहो, त्या वेळीं मी गप्प राहिलों. किती वेळ, तें सांगतां येत नाहीं. परंतु त्या मौनांत मीं एक हिशेबही केला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनें हेल्मेट न घालणारास हजार रुपये दंड लिहिला आहे. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रांत २०२५-२६ साठीं ठरलेली मजुरी दिवसास ३१२ रुपये होती. म्हणजे तीन दिवस राबूनही हजार भरत नाहींत. हा हिशेब मला येत होता, आणि तरीही माझें तोंड उघडत नव्हतें. जो पडला तोच क्षमा मागत होता, आणि ज्यानें पाडलें तो ऐकून घेत होता.

भाच्यानें माझी बाही ओढली. हलक्या आवाजांत तो म्हणाला, “मामा, वळणावर पुढें आपणच गेलों ना?”

तेव्हां कोठें मी बोललों. “ह्यांची चूक नाहीं. मीं वळणावर जीप ओलांडली,” असें मीं शिपायांस सांगितलें. त्यांनीं क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि विचारलें, “मग आधीं कां बोललां नाहींत?” ह्या प्रश्नाचें उत्तर मजजवळ नव्हतें.

पुढचें सारें रीतसर झालें. कायद्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणें जखमी माणसास औषधोपचार मिळवून देणें, पोलिसांस खबर देणें आणि विमा कंपनीस कळविणें हें चालकाचें कर्तव्य आहे. त्या गृहस्थांस मीं आरोग्य केंद्रांत नेलें, मलमपट्टी झाली. तक्रार देण्यास त्यांनीं नकार दिला. धोकादायक रीतीनें वाहन चालविल्याबद्दल १८४ व्या कलमाखालीं माझ्या नांवें दंड झाला. हेल्मेटचा दंड त्यांच्या नांवें राहिला. कारण माझ्या दोषानें त्यांचा दोष पुसला जात नव्हता.

“काका, तो दंडही मीच भरतों,” असें मीं म्हटलें. त्यांनीं मान हलविली. “हेल्मेटचा दंड माझा, गाडीचा तुमचा,” ते म्हणाले; आणि थोडें थांबून, “काकड्यांचे पैसे मात्र द्या.” काकड्यांचे पैसे त्यांनीं मोजून घेतले, वर दिलेली नोट परत केली. इतका नेमका न्याय मीं क्वचितच पाहिला आहे.

त्या रात्रीं मीं दंड भरला. त्यास एक मिनिट लागलें. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, दंड सरकारी तिजोरींत जातो. ज्याचें कोपर सोललें त्यास त्यांतलें कांहींच मिळत नाहीं. त्याचें देणें निराळें असतें, आणि तें सत्य बोलूनच फेडावें लागतें. २०२२ या एका वर्षांत भारतांत १,६८,४९१ माणसें रस्त्यांवरील अपघातांत मरण पावलीं. त्यांतील कित्येकांच्या मृत्यूपूर्वीं कोणीतरी, माझ्यासारखाच, अर्धा मिनिट वांचवावयास निघाला असेल. माझें नशीब एवढेंच कीं माझ्या वाट्याला काकड्या आल्या.

लोक ह्या पावतीस ‘चलन’ म्हणतात. मराठींत चालचलन म्हणजे वर्तणूक. तीच त्या चार ओळींत मला वाचावयास मिळते.

भाचा आतां मोटारींत बसला म्हणजे रस्त्यावर डोळा ठेवून असतो. पुढें एखादें वाहन रेंगाळूं लागलें कीं तो शांतपणें म्हणतो, “मामा, वळण आहे.” आणि मी मागें राहतों.