वस्तऱ्याचा पट्टा

वडिलांनी मला आजवर जी कामे सांगितली, त्यांत गेल्या आश्विनात सांगितलेले काम मला सर्वांत सोपे वाटले. बालाजीच्या यात्रेसाठी म्हणून मी देऊळगाव राजाला घरी गेलो होतो. चहा झाला, ख्यालीखुशाली झाली, आणि अण्णा म्हणाले, "बाजारात चाललाच आहेस, तर वस्तऱ्यासाठी एक पट्टा बघ. जुना तडकला."

"आणतो," मी म्हणालो. आणतो म्हणायला माणसाचे काय जाते!

आमच्या अण्णांविषयी थोडे सांगायला हवे. शाळेत उभी हयात शिकवून ते निवृत्त झाले, आणि गाव त्यांना अजून गुरुजीच म्हणते. सुधारणेशी त्यांचे वाकडे नाही. गॅस आला, टीव्ही आला, मोबाईल आला. त्यांनी सर्वांचे स्वागत केले. फक्त दाढीच्या बाबतीत ते आजोबांच्या काळात थांबले. अमेरिकेत जिलेटने पाते बदलण्याचा वस्तरा 1903 साली विकायला काढला आणि पहिल्या वर्षी त्याचे अवघे 51 नग खपले. पुढे साऱ्या जगाने तो स्वीकारला. अण्णांनी मात्र आजोबांचा उघड्या पात्याचा झोलिंगेनचा वस्तरा सोडला नाही. आजोबांनी तो जालन्याहून आणला होता. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात आणि आमचे वऱ्हाड इंग्रजांच्या अंमलाखाली. "माझा वस्तरा दोनदा परदेशी आहे," असे अण्णा पाहुण्यांना सांगत.

खुंटीला टांगलेल्या पट्ट्यावर त्या वस्तऱ्याचा चट-पट, चट-पट असा आवाज रोज पहाटे चाले. आम्हा भावंडांची तीच उठायची घंटा. शाळेत गुरुजींची छडी प्रसिद्ध होती, पण घरातला तो पट्टा आमच्या पाठीवर कधीही उतरला नाही. मारकुटेपणाचा तिटकारा हे त्याचे कारण नव्हे. "घामाने चामडे बिघडते," हे कारण!

पण वर्षभरापासून तो आवाज बंद होता. अण्णांचा मोतीबिंदू काढला होता, तरी डोळ्यामागचा पडदाच झिजत गेला. कडेकडेचे दिसते, पण समोर पाहावे तर मधोमध काळा डाग. आरशात स्वतःचाच चेहरा सापडेना, तेव्हा त्यांनी मुकाट्याने दाढी सोडून दिली. सलूनमध्ये नेतो म्हटले, तर "बघू" म्हणत. दोन्ही गालांवर पांढरे खुंट वाढले होते. जन्मभर पोरांची नखे आणि कॉलर तपासणाऱ्या माणसाचा तो चेहरा माझ्याने बघवत नसे. अशा स्थितीत त्यांना पट्टा कशाला हवा, हे मी विचारले नाही. काही प्रश्न वडिलांना विचारायचे नसतात.

बाजारात गेलो, तेव्हा कामाचा सोपेपणा ध्यानात आला. तीन सलूनांत विचारले. तिथल्या पोरांनी मी जणू टांग्याचा चाबूक मागतो आहे, अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. त्यांच्या वस्तऱ्यात ब्लेडचे अर्धे पाते बसते. गिऱ्हाईक उठले की पाते फेकून द्यायचे. 1990 नंतरच्या वर्षांत एड्सची धास्ती गावोगाव पोचली, तेव्हापासून ही पद्धत रुजली. आणि ती योग्यच आहे. एक वस्तरा दहा गालांवर फिरवणे हा खेळ नव्हे. पण पाते फेकायचे म्हटल्यावर धार राखायची कोणी, आणि पट्टा ठेवायचा कशाला? जालन्याला गेलो, तर दुकानदाराने माझ्यापुढे पँटचे पट्टे मांडले.

अखेर मोबाईलला शरण गेलो. तिथे पट्ट्यांची नुसती जत्रा! गाईचे, म्हशीचे, घोड्याचे. अडीच इंची, तीन इंची. काळे, तांबडे, तुकतुकीत. चामड्यातले मला काही कळत नव्हते, म्हणून जाणकार जे करतो असे आपल्याला वाटते तेच मी केले: सर्वांत महाग तो मागवला. साडेतीन हजार रुपये!

पट्टा आला. रात्री अण्णा निजल्यावर मी तो खिडकीच्या गजाला बांधला आणि वस्तरा चालवून पाहिला. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीला वस्तरा उलटताना खच्‌ असा आवाज झाला, आणि साडेतीन हजारांच्या मधोमध बोटभर चीर पडली. सकाळी अण्णांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. चिरेपाशी अंगठा थांबला. ते एवढेच म्हणाले, "मामांना भेटून ये."

मामा म्हणजे आमच्या आळीतले म्हातारे कारागीर. गावातल्या तीन पिढ्यांची डोकी त्यांच्या हाताखालून गेली आहेत. दुकान आता मुलगा चालवतो. भिंतीवर सेना महाराजांची तसबीर आहे, आणि तिच्याखाली मामा पेपर वाचत बसतात. पट्टा पाहून ते हसले.

"भाऊ, पट्टा लावला का भाजी चिरली? वस्तऱ्याची पाठ पुढं, धार मागं. पलटवायचा तो पाठीवर, धारेवर न्हाई. तुमी तिथंच चुकले."

मग त्यांनी मला सांगितले ते असे. धार दगडावर येते आणि पट्ट्यावर टिकते. दगड पोलाद खातो. चामडे जवळजवळ काहीच खात नाही, ते वाकडी झालेली धार फक्त सरळ करते. पट्टा ताठ हवा. ढिला ठेवला की धार गोल होते. जोर लावायचा नाही, वस्तऱ्याचे वजन पुरे. मला एक वाचलेले आठवले. मऊ केसाने पोलाद बोथट कसे होते, याचा एमआयटीतल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शोध घेतला होता. केस पोलादाहून पन्नासपट मऊ, तरी तो वाकून तिरपा लागला की धारेचा बारीक टवका उडतो, असे त्यांना 2020 साली आढळले. मी हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "तेच तर. दाढीच्या आधी रोज पट्टा, अन्‌ टवके वाढले का दगड."

सेना महाराजांनी आपल्या धंद्यातला आरसा विवेकाला आणि चिमटा वैराग्याला लावून अभंग रचला आहे. त्यात पट्टा नाही, असे मी गमतीने म्हणालो. मामा क्षणभर तसबिरीकडे बघत राहिले. "तेवढं आमच्यासाठी ठेवलं आसंल," ते म्हणाले.

ते स्वतः चपला घालून माझ्याबरोबर निघाले. बाजाराच्या टोकाला चपला शिवणारे एक काका बसतात. त्यांच्याकडे बाभळीच्या सालीत कमावलेल्या म्हशीच्या चामड्याचे, रंग न दिलेले तुकडे होते. मामांनी एकेक उचलला. आधी वास घेतला. मग दुमडून पाहिला. दुमडीवर भेग दिसली तो बाजूला. मग डोळे मिटून तळवा फिरवला. तळवा काचेवरून जावा तसा सुळकन गेला, तर तो पट्टा धार धरीत नाही. अडखळत गेला, तर तो धार बिघडवतो. जरासा ओढून धरणारा हवा. जाडी सर्वत्र सारखी, रुंदी तीन बोटे, लांबी हातभर. माझा तुकतुकीत पट्टा त्यांनी काकांना दाखवला. "वरचा लेपच हाये सगळा," काका म्हणाले. दोघे म्हातारे किमतीवरून इतक्या आनंदाने भांडले, की गावगाड्यातली बलुतेदारी जणू कालच मोडली असावी. दोनशे रुपयांवर सौदा ठरला. मागच्या बाजूला काकांनी कॅनव्हासची पट्टी शिवून दिली, टांगायला कडी लावली, आणि मामा मला म्हणाले, "पहिला पट्टा नेहमी स्वस्त घ्यावा, भाऊ. तो कापला जायालाच असतो."

आठवडाभर मी मामांच्या दुकानात बोथट वस्तऱ्यावर हात बसवला. फुग्यावर साबण लावून तो फोडायचा नाही, ही परीक्षा. सात फुगे फुटले, आठवा वाचला.

नरक चतुर्दशीच्या पहाटे चट-पट, चट-पट असा आवाज कानी आला, आणि मी चाळीस वर्षांमागच्या सवयीने ताडकन उठलो. न्हाणीघराबाहेर अण्णा उभे होते. नवा पट्टा जुन्याच खुंटीला होता. ते भिंतीकडे पाहत होते, आणि हात आपला ताल धरून चालला होता. पट्ट्याला डोळे लागत नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. तळव्याला कळते, कानाला कळते. वस्तरा पाठीवर उलटत होता आणि एकही फेरी चुकत नव्हती.

मोजून पन्नास फेऱ्या झाल्या. मग ते खुर्चीवर बसले, वस्तरा मिटून माझ्या हातात दिला आणि मान वर केली.

ज्या माणसाने मला अक्षर शिकवले, त्याच्या उघड्या गळ्यापाशी मी वस्तरा धरून उभा होतो. माझा हात कापत होता. त्यांना तो दिसत नव्हता. पण ऐकू येत असावा. "सावकाश," ते म्हणाले. "फटाके वाजायला अजून वेळ आहे."

पांढरे खुंट साबणाबरोबर उतरत गेले आणि खालून ओळखीचा चेहरा हळूहळू वर आला. हनुवटीखाली एके ठिकाणी मात्र चुकलोच. रक्ताचा थेंब आला. मी घाईघाईने तुरटी फिरवली. अण्णांनी तिथे बोट लावले, बोटावरचे रक्त अंगठ्याने चोळून पाहिले, आणि शाळेत चुकलेल्या पोराची वही परत देताना काढत तोच सूर काढून म्हणाले,

"पट्टा चांगला आहे."