अपडेटची न हटणारी फोल्डरे

विंडोजची काही अपडेट पॅकेजे आपल्या फाइली उलगडण्यासाठी ड्राइव्हच्या मुळाशी एक तात्पुरते फोल्डर उघडतात. आकडे आणि ए ते एफ ही रोमन अक्षरे यांची लांबलचक सरमिसळ, असे त्याचे नाव असते. काम संपल्यावर किंवा संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ते आपोआप जायला हवे. पण नेहमी जात नाही. यांतली बरीच पॅकेजे सर्वांत जास्त मोकळी जागा असलेला ड्राइव्ह निवडतात. त्यामुळे विंडोज सी ड्राइव्हवर असूनही हा पसारा बाहेरून जोडलेल्या डिस्कवर सापडतो. प्रस्तुत लेखकाच्या घरी तो कुटुंबाच्या फोटोंच्या डिस्कवर साचला होता, आणि नावे पाहून घरच्यांना व्हायरसची शंका आली होती.

ती शंका रास्तच म्हणावी लागते. म्हणून डिलीट करण्याआधी आत काय आहे ते पाहावे. एमआरटीस्टब नावाची फाइल दिसली, तर ते फोल्डर मायक्रोसॉफ्टच्या मालवेअर काढणाऱ्या साधनाचे असते. हे साधन २००५ पासून विंडोज अपडेटमधून येते, आणि त्याचे उरलेले फोल्डर हाताने काढल्याने काही बिघडत नाही. लेखकाच्या डिस्कवरच्या बहुतेक फोल्डरांत हीच फाइल निघाली आणि घरातली धास्ती तिथेच ओसरली.

तरीही ती हटेनात. डिलीट म्हटले की ‘ॲक्सेस डिनाइड’. याचे मूळ एनटीएफएस या फाइलव्यवस्थेत आहे. तिच्यात प्रत्येक फाइलीला एक मालक असतो, आणि कोणाला काय करता येईल याची यादी सोबत असते. अपडेट चालवते ते ‘सिस्टम’ हे अंतर्गत खाते, त्यामुळे यादीत बहुधा सिस्टम आणि ॲडमिनिस्ट्रेटर एवढेच असतात. आपले खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे असले तरी व्हिस्टापासून रोजचे प्रोग्राम साध्या अधिकारांवरच चालतात. पूर्ण अधिकार वेगळे मागावे लागतात. डिस्क दुसऱ्या संगणकावरून आलेली असेल तर आणखी एक अडचण येते. जुन्या संगणकावरचे खाते नव्याला ओळखता येत नाही आणि मालकाच्या जागी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांब क्रमांक दिसतो. लेखकाच्या डिस्कवरच्या काही फोल्डरांवर तोच क्रमांक होता. संगणकाचा हा नकार त्रासदायक वाटला, तरी याच नियमांमुळे एखादा भलता प्रोग्राम यंत्रणेच्या फाइली पुसू शकत नाही.

आधी संगणक रीस्टार्ट करावा, कारण कधीकधी एखादी फाइल फक्त वापरात अडकलेली असते. तेवढ्याने भागले नाही, तर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने कमांड प्रॉम्प्ट उघडावा. ‘टेकओन’ या कमांडने फोल्डर आणि त्यातल्या सगळ्याची मालकी घ्यावी, ‘आयकॅकल्स’ने ॲडमिनिस्ट्रेटरांना पूर्ण अधिकार द्यावेत, मग ‘आरडी’ने फोल्डर काढावे. हा क्रम महत्त्वाचा आहे: मालकी घेतल्याने अधिकार आपोआप मिळत नाहीत, ते देण्याची मुभा मिळते. प्रत्येक वेळी फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहावा आणि एंटर दाबण्यापूर्वी तो पुन्हा वाचावा. नाव गळून नुसता ड्राइव्ह उरला, तर सगळ्या ड्राइव्हचीच मालकी बदलू लागते. ‘आरडी’ने काढलेले रीसायकल बिनमध्ये जात नाही, म्हणून लेखकाने फोटोंची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घेतली. एकेक पत्ता तपासत हे काम सावकाश झाले, पण सगळी फोल्डरे गेली.

सी ड्राइव्हवरच्या ‘विंडोज.ओल्ड’ला मात्र ही जबरदस्ती नको. मोठ्या अपग्रेडनंतर जुनी विंडोज तिथे ठेवलेली असते, आणि विंडोज १० व ११ मध्ये ती साधारण १० दिवसांनी आपोआप काढली जाते. मागे फिरायचे नसल्याची खात्री असेल, तर डिस्क क्लीनअपमध्ये ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ निवडून तिथल्या जुन्या इन्स्टॉलेशनवर खूण करावी. ‘विनएसएक्सएस’ आणि विंडोजमधले ‘इन्स्टॉलर’ ही फोल्डरे कितीही फुगलेली दिसली तरी हाताने रिकामी करू नयेत. पहिल्यातल्या कित्येक फाइली हार्ड लिंकमुळे दोन ठिकाणी दिसतात, म्हणून त्याचा आकार प्रत्यक्षाहून मोठा भासतो. दुसऱ्यातल्या फाइली प्रोग्राम दुरुस्त करताना किंवा काढताना लागतात.