आमच्या पुतणीचे इंजिनिअरिंग



गावोगाव फिरताना अलीकडे मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, तुमची पुतणी काय शिकते म्हणे?" मी सांगतो, ऊर्जा आणि पर्यावरण अभियांत्रिकी. समोरचा क्षणभर थांबतो आणि विचारतो, "म्हणजे झाडं लावायची का?" शेजारी बसलेला त्याला दुरुस्त करतो, "नाही रे, सोलरची पाटी बसवायची." हसण्यावारी जाते आणि आम्ही पुन्हा बोंडअळीकडे वळतो.

पण परवा एका गावी एक शेतकरी मला बांधापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "आमची धाकटी बारावीला आहे. तिलाही तेच शिकायचंय. सांगा ना नीट." त्यांच्यासाठी आणि आपणा सर्वांसाठी हे लिहितो आहे.

मी स्वतः बी.एस्सी. कृषी. आमच्या वेळी ऊर्जा म्हणजे बैल, डिझेल आणि विजेची मोटार. पर्यावरण हा शब्द परीक्षेत एखाद्या टिपेपुरता यायचा. हे दोन्ही विषय एकाच पदवीत का बांधले, असा प्रश्न मलाही पडला होता. पुतणीने त्याचे उत्तर आमच्याच विहिरीवर दिले.

मागच्या दिवाळीत ती सुट्टीला आली. थोरल्या भावाची पाच हॉर्सपॉवरची मोटार, विहीर जुनी. पोरीने दोनशे लिटरचे पिंप पाइपाच्या तोंडाशी लावले आणि मोबाइलवर सेकंद मोजले. २९ सेकंदांत पिंप भरले. पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या तोंडापर्यंतची उंची टेपने मोजली, ती १८ मीटर निघाली. कॉलेजातून मागून आणलेला चिमटा मीटर वायरीला लावला. वहीत चार ओळी लिहिल्या आणि म्हणाली, "आण्णा, मोटार चार किलोवॉटच्या वर खाते आणि पाणी उचलायच्या कामाला सव्वा किलोवॉटसुद्धा लागत नाहीत. शंभरातले तीस कामाला, बाकीचे सत्तर वाटेत."

भाऊ म्हणाला, "जाऊ दे की. वीज कुठे आपल्या पैशाची?" ते खरेच. २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल सरकार भरते. त्यावर पोरगी म्हणाली, "वीज फुकट असेल, पण पाळी आठच तासांची आहे. रात्रीचे ते आठ तास तुम्ही जागता ना?"

तिने फूटव्हॉल्व्ह काढायला लावला. अर्धा गाळाने बुजलेला. दोन इंची पाइपाच्या जागी अडीच इंची टाकला, विनाकारण बसवलेले तीन एल्बो काढले. पिंप २० सेकंदांत भरू लागले. आठ तासांच्या पाळीत जवळजवळ ९० हजार लिटर पाणी जास्त मिळू लागले, त्याच मोटारीवर. मी तीस वर्षे शेतकऱ्यांना ठिबक सांगत आलो, पण पिंप आणि घड्याळ घेऊन विहिरीवर बसणारा मला तोवर कुणी भेटला नव्हता. आपणही हे करून पाहा, पिंपाला काही खर्च येत नाही. वायरीला मात्र वायरमनशिवाय हात लावू नका.

ही झाली ऊर्जेची बाजू. दुसरी बाजू आमच्या घराला जरा झोंबणारी आहे.

भावाच्या शेताकडेने ओढा जातो. दहा-बारा वर्षांपूर्वी वरच्या अंगाला एका डिस्टिलरीचे मळीमिश्रित पाणी त्यात उतरू लागले. पहिल्या उन्हाळ्यात ओढा चहासारखा झाला, दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीला वास येऊ लागला. जनावरे तोंड लावीनात. तक्रारी झाल्या, कुणी येऊन बाटल्या भरून नेल्या, पुढे काही कळले नाही. वहिनी तेव्हापासून पिण्याचे पाणी वस्तीवरच्या हापशावरून आणते. मोटारीचे पाणी फक्त ऊस आणि घासाला. पुतणी तेव्हा सातवी-आठवीत असेल. हंडा तिच्याही डोक्यावर होता.

आता तीच मुलगी मला सांगते की एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर असले सांडपाणी निघते. त्यातली घाण मोजायची रीत आहे, तिला बीओडी म्हणतात. नमुन्यात हवेशीर स्वच्छ पाणी मिसळून बाटली बूच लावून २७ अंश उष्णतेवर तीन दिवस ठेवायची आणि आतल्या जिवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला ते मोजायचे. घाण जास्त, तर प्राणवायूची खाद जास्त. ओढ्यात सोडायच्या पाण्याला लिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. डिस्टिलरीच्या कच्च्या सांडपाण्यात हाच आकडा ४० ते ५० हजार असतो. मासे का मरतात ते आणखी कुणी सांगायला नको.

यावर उपाय काय? तर पहिली पायरी आपल्या ओळखीची, गोबरगॅसच! बंद टाकीत तेच जिवाणू, तोच मिथेन. तो गॅस कारखान्याच्या बॉयलरला जळण म्हणून जातो. उरलेले पाणी आटवून जाळतात किंवा प्रेसमडमध्ये मुरवून खत करतात. पण आटवायला वाफ लागते, हवा भरायला आणि पंपांना वीज लागते. पुतणी म्हणते, "काका, यंत्रणा बहुतेक ठिकाणी उभी असते. ती चालवायचा खर्च डोळ्यांत येतो, मग रात्री बंद होते. ऊर्जेचा हिशेब जमला नाही तर पाणी साफ होत नाही." दोन विषय एकत्र का, ते मला तेव्हा उमगले.

गोबरगॅसवरून आठवले. खादी आयोगाचा लोखंडी टाकीचा, नंतरचा जनता, १९८४ सालचा दीनबंधू, असे कितीतरी खड्डे मी आखून दिले. रोज २५ किलो ओले शेण आणि तितकेच पाणी दिले की साधारण एक घनमीटर गॅस. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांचे नाव तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. १९५९ साली ते तिथे दवाखान्यात आले आणि पुढे संडासाला जोडलेले गॅससंयंत्र गावात रुजवले. ते इंजिनिअर नव्हते, डॉक्टर होते. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पदवीशिवायही माणूस शिकतो, असे मला कुणी म्हटले तर मी मान डोलावीन. पण प्रत्येक गावाला मापुसकर कुठून आणणार?

आता त्या बांधावरच्या गृहस्थांसाठी थोडे कामाचे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे, मग सीईटी. सरळ ऊर्जा किंवा पर्यावरणाचीच पदवी घ्यावी असे नाही. आमच्या पुतणीने बी.टेक. स्थापत्यात केले आणि एम.टेक.ला हा विषय घेतला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकता येते, तिथे अपारंपरिक ऊर्जेचा विभाग आहे. मुंबईच्या आयआयटीत तर ऊर्जेचा आणि पर्यावरणाचा असे दोन स्वतंत्र विभाग आहेत. एम.टेक.ला गेट परीक्षा उतरून मान्य संस्थेत प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खोलीभाडे आणि खानावळ मात्र आपल्याच खिशातून. गणिताची भीती असेल तर ती आधी घालवा. पहिल्या वर्षी आमच्या पोरीनेही रडून फोन केले होते.

भावाने तिच्या पदवीसाठी दोन म्हशी विकल्या आणि सोसायटीचे कर्ज उचलले. म्हणून गेल्या महिन्यात जे घडले ते सगळ्यांना जड जाते आहे. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याने तिला नोकरी देऊ केली. काम कोणते, तर डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा प्लँट सांभाळायचा.

भाऊ तापट नाही. तो ताटावरून उठला एवढेच. अंगणात जाऊन म्हणाला, "तसल्याच कारखान्याच्या दारात पोरगी पाठवायला म्हशी विकल्या का मी?" पुतणी म्हणाली, "आण्णा, प्लँट रात्री चालू असतो की बंद, हे ओढ्याच्या काठावरून कळत नाही. आत असलेल्यालाच कळतं." वहिनीने तेवढ्यात विचारले, "रात्रपाळी असते का गं तिथं?" असते, महिन्यातून आठवडाभर.

मला विचाराल तर तिने जावे. बाहेरून ओरडणारे आपण पुष्कळ आहोत, आतल्या रजिस्टरवर रोजचा आकडा लिहिणारे आपले कुणी नाही. पण हे बोलणे मला सोपे आहे, विहीर माझी नासलेली नाही. मी तिला एकच विचारले, वरून कुणी खोटा आकडा लिही म्हणाले तर? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या दिवशी आण्णांना फोन करीन आणि एस.टी.त बसेन. कर्जाचा हप्ता मात्र तुम्ही दोघं मिळून बघा."

कळवायची मुदत पंधरा तारखेची आहे. भावाने अजून हो म्हटलेले नाही. काल मात्र फोनवर त्याने तिला विचारले, त्या कारखान्याच्या खालच्या अंगाला कोणती गावे आहेत, आणि तिथल्या विहिरींचे पाणी लोक पितात का. तिने नावे शोधून पाठवली आहेत. रविवारी आम्ही दोघे भाऊ मोटरसायकलवर तिकडे जाऊन येणार आहोत.