नावांची यादी

२००८ साली आमच्या संगणक कक्षातील यंत्रांना हार्डडिस्क नव्हती. ती नेटवर्कवरून सुरू होत आणि सारे काम एडुबंटूच्या सर्व्हरवर चाले. वसतिगृहातील एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीचा अर्ज पेनड्राइव्हवर आणला. समोरच्या यंत्राला तो लावला, पण पडद्यावर काहीच उमटेना. पेनड्राइव्ह तिच्या हाताशी, डेस्कटॉप मात्र दूरच्या सर्व्हरवर! असे साधन सर्व्हरला नेटवर्कवरून जोडून देण्याची सोय, एलटीएसपीएफएस, होती. परंतु तिच्यासाठी वापरकर्त्याचे नाव ‘फ्यूज’ गटात असावे लागे. त्या गटात आम्ही केवळ शिक्षकांचीच नावे घातली होती. इतिहास शिकविणाऱ्या आम्हांला त्या यादीची लाज वाटली. संध्याकाळपर्यंत सर्व विद्यार्थ्यांची नावे घातली. तिने पुन्हा लॉगिन केले, अर्ज उघडला.