मोती ओटा चढेना



आमच्या खामगावच्या घरी मोती आठ वर्षांपासून आहे. पाळलेला नाही, पोळीच्या निमित्ताने राहिलेला. वैशाखात तो ओट्यावर चढेनासा झाला. पुढचे पाय पायरीवर ठेवायचा, थांबायचा आणि खालीच बसायचा. हे म्हणाले, "वय झालं त्याचं." मला पटेना. म्हातारपण असं आठवड्यात येतं का? बी. कॉम.ची खोड, कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहीत गेले. सोमवारी ओटा नाही. बुधवारी अर्धी पोळी. शुक्रवारी पोळीला तोंड लावलं नाही. शनिवारी नाकातून रक्त.

पशुवैद्यांनी आधी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. गुलाबी हव्यात, त्या पांढरट होत्या. माझं कालनिर्णयचं पान त्यांनी दोनदा वाचलं. रक्त तपासलं, प्लेटलेट फार कमी निघाल्या. गोचीड ताप! चाव्यातून एर्लिकिया नावाचे जंतू रक्तात जातात, सांधेही दुखतात, म्हणून चढणं बंद. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या, 28 दिवस.

आता माझी चूक सांगते. गोचिडी मला दिसत होत्याच. चिमट्याने काढून, डबीत घालून, मी त्या मागच्या कुंपणाशी सोडून यायची. मुंगी-ढेकणासारखाच तीन इंद्रियांचा जीव, मारायचा कसा? डॉक्टर म्हणाले, "काकू, एकेक मादी हजारांवर अंडी घालते." आणि मोती दुपारी झोपतो ते त्याच कुंपणाशी.

मानेवर औषध घालायचं म्हणजे गोचिडी मरणार. रात्री आलोचना पाठाला बसले, डोक्यात तेच. ही आरंभी हिंसा की संकल्पी? मारायची इच्छा नाही हे खरं, मरणार हे ठाऊक आहे हेही खरं. कोणत्या खात्यावर टाकायचं, कळेना. इकडे मोती दाराशी धापा टाकत होता. औषध मीच घातलं, सुनेवर ढकललं नाही.

गव्हाला आपण एरंडेल लावतो ते किडे होऊच नयेत म्हणून. तेच इथे आधी सुचायला हवं होतं. आता ओट्याच्या फटी सिमेंटने बुजवल्यात, त्याचं पोतं रोज उन्हात पडतं, कान आणि पायांच्या बोटांतल्या फटी मी रोज बघते.

अकराव्या दिवशी कालनिर्णयवर लिहिलं: दोन पायऱ्या.